पायाचं माप

ती सुभाषनगरात आली तेव्हा मी वेणी घालत होते.
केसांची नव्हे, चपलेची. सात पदरी, शेळीच्या कातड्याची.
दारात दोन गाड्या, आयुक्तांचा माणूस, पाण्याच्या बाटल्यांचा खोका
आणि एक उंच बाई, पांढरे केस कानापाशी कापलेले.
दुभाषी पोरगी म्हणाली, ह्या ओर्नेल्लाबाई.
इटलीच्या खासदार होत्या, चार वेळा. पाचव्यांदा पडल्या.
पडल्या म्हटल्यावर
मी पाट सरकवला.

पाटावर नाही बसली. फरशीवरच बसली,
माझ्या हातातली आरी घेतली
आणि टोक अंगठ्यावर तपासलं.
बघणाऱ्यांना कळलं नाही. मला कळलं.

तिची आई घरी बुटांचे वरचे भाग शिवायची,
जोडीमागं पैसे, हिशेब मुकादमाच्या वहीत.
एका हिवाळ्यात सोल्युशनच्या वासानं
गल्लीतल्या पोरींचे पाय लुळे पडले. नऊ जणी.
ही सोळा वर्षांची, डॉक्टरची चिठ्ठी घेऊन
फॅक्टरीच्या फाटकात उभी राहिली
आणि मग उभीच राहिली,
युनियनला, गावाला, रोमला.
आपल्यात बरं आहे, मी मनात म्हटलं,
फाटकात असो की निवडणुकीत,
उभं राहायला आणि पडायला शब्द तेच.

तिथलं सभागृह म्हणे अर्धगोल, खाली उतरत गेलेलं.
म्हणजे आमचं खासबाग.
फक्त लाल माती नाही, आणि कुस्ती निकाली होत नाही.
पहिल्या दिवशी एकानं तिला कॉफी आणायला सांगितली.
आणली. त्याच्यासमोर बसून स्वतः प्याली.
घरी शिवणाऱ्या बायकांचा कायदा अकरा वर्षं रेटला;
पास झाला त्या दिवशीच्या फोटोत
मधे मंत्री, बाजूला मंत्री, हिचं एक कोपर.
नवरा गेला त्याचं तिनं अर्ध्या वाक्यात सांगितलं.
पोरीनं उगाच पूर्ण केलं.

मग विचारलं, तुम्ही कधी?
होते की. नगरसेविका. वॉर्ड बायकांना सुटला तेव्हा.
सही माझी, बाकी सगळं धोंडीराम.
पाच वर्षांत सभेत एकदा बोलले, गटारीवर.
गटार झाली?
झाली.
ती इतकी हसली
की आयुक्तांच्या माणसानं घड्याळ बघितलं.

मापाला कागद हवा. फळीवरून हाताला आलं
माझंच जुनं प्रचाराचं पत्रक.
वर धोंडीराम हाताएवढा,
खाली मी, पोस्टाच्या तिकिटाएवढी.
तिनं डावा पाय ठेवला. टाच बरोबर त्याच्या मिशांवर.
मी कागद फिरवला नाही.
पेन्सिल फिरवली: फुटलेली टाच, अंगठ्यापाशी वर आलेलं हाड,
फरशीवर तासन्‌तास उभा असलेला पाय.
उजव्यापेक्षा जवभर मोठा.

हे काय, तिनं पट्ट्याशेजारी बोट ठेवून विचारलं.
कान. चपलेला कान असतात, त्यातच सगळं अडकतं.
पोरीनं सांगितल्यावर थोडा वेळ गप्प.
मग म्हणाली, मी जन्मभर कान असलेली खुर्ची शोधली.
चपलेकडं बघितलंच नाही.

उठताना हळूच: आवाज करणारी मिळेल?
मिळेल. तळात विंचू घातला की करकरते.
पण ह्या वयात करकरत जायचंय कुठं?
पोरगी अडखळली, तरी विचारलं तिनं.
गावच्या नगरपालिकेला उभी राहतेय. मार्चमध्ये.

धोंडीराम म्हणाला, एका पायाला एक विंचू पुरतो.
मी दोन दोन घातले.