सुकती

अर्जातल्या 'राहण्याचं ठिकाण' या रकान्यात
मी लिहिलं होतं, नेरूळ, नवी मुंबई.
सारसोळे कोळीवाडा लिहिलं नाही.
रकाना तसा लहानच होता.

निम्मी शिष्यवृत्ती. निम्मं
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर बांधलेल्या खोल्यांचं
अकरा महिन्यांचं भाडं.
बाबा म्हणाले, खाजण गेलं तेव्हा आजा रडला होता,
आता तेच खाजण तुला विमानात बसवतंय. बस.

उत्तरेच्या समुद्रातलं एक बेट, सहा आठवडे.
विषय : भरती-ओहोटीच्या सपाट जमिनी.
म्हणजे चिखल.
शाळेत जाण्याआधी जो मी
घोट्यांवरून दगडानं घासून काढायचे
आणि तरी इरा बाकावर जरा सरकून बसायची,
तोच शिकायला पासपोर्ट काढला.

तिथे रात्री दहालाही ऊन.
वसतिगृहात मी डाळीला फोडणी दिली
आणि आगीची घंटा वाजली.
अकरा देशांची मुलं अंगणात, काही अनवाणी.
एस्टोनियाचा काउर म्हणाला,
वास मात्र छान होता.

तिसऱ्या दिवशी समुद्र क्षितिजापर्यंत मागे गेला.
मारेइके बाईंनी सगळ्यांना गमबूट दिले
आणि विसाव्या पावलाला सगळे
गुडघ्यापर्यंत रुतून एकमेकांना हाका मारू लागले.
मी बूट काढून हातात घेतले.
बोटं फाकवायची. टाच आधी टेकवायची नाही.
थांबायचं नाही, घाईही नाही.
मला हे कुणी शिकवलेलं नाही,
म्हणजे धाकलीआत्यानं शिकवलं असणार,
चिंबोऱ्यांमागे जाताना,
एकदाही मागे वळून न पाहता.

बाईंनी विचारलं, तुमच्या भाषेत याला काय म्हणतात?
मी म्हटलं, चिखल.
त्या वही उघडी धरून उभ्याच,
जणू वाक्य अजून संपलेलं नाही.

रात्री साडेबाराला फोन लावला. घरी पहाटेचे चार,
आत्या जागीच, डोल सोडायच्या तयारीत.
"चिखोल म्हंजे कनचा गो?
पाय धरतं तो का पाय सोरतं तो?
निवट्या उऱ्या मारतान तो येगला.
कालवांखालचा येगला. तिवराच्या मुलांतला कालाशार.
उधानानंतर वर सायीवानी बसतं, तो आपला रेंदा."
मग जरा थांबून,
"आनि कंपनीचं पानी आल्यावं जो होतं, त्याला नाव नाय.
त्यान कोन जात नाय."

दुसऱ्या सकाळी फळ्यावर त्यांचे चार शब्द, माझे सहा.
पाचांचं भाषांतर जमेना तेव्हा
पायानं करून दाखवलं.
सहाव्यापुढे नुसती रेघ ओढली.
कोणीच विचारलं नाही.
फक्त काउरनं ती रेघ वहीत उतरवून घेतली,
जशीच्या तशी, थोडी तिरकी.

ऑगस्टमध्ये परत आले.
प्रमाणपत्र लॅमिनेट करून बाबांनी
टीव्हीच्या वर लावलं, छतापासून वीतभर खाली.
मी आत्यासाठी आणलेली काचेची बाटली काढली,
बेटावरचा चिखल, बूच घट्ट,
विमानतळावर तीनदा उघडायला लावलेली.

आत्या जेट्टीच्या पायरीवर जाळं सांधत होती.
पाण्यापलीकडे पाम बीचचे दिवे लागत होते.
तिनं बोट घातलं, जिभेला लावलं,
बराच वेळ खाडीकडे बघितलं.
"मीठ कमी हाय. पन आपलाच हाय."

मग बाटली उपडी केली सुकतीच्या पाण्यात,
आत हात घालून धुतली,
उजेडाला धरून पाहिली.
"बूच बेस हाय गो,"
म्हणाली, आणि ओच्यात घातली,
मिरचीचं बी ठेवायला.