कलम सतरा

अनुदानाचं पत्र आलं तेव्हा वीज नव्हती.
खिडकीशी धरून वाचलं मी ते:
तीन पंचायतींनी मिळून एकच निविदा काढली
तर गाडीच्या किमतीतले ऐंशी टक्के सरकार देईल.
वेगवेगळ्या आलात
तर ज्याचं पिंप त्याचं, ज्याची घाण त्याची.

खोलपे, माडवळ, शिरसाळ.
एका व्हाळावरची तीन गावं.
फेस्ताला, चवथीला एकमेकांकडे जेवतात,
जमिनीच्या दाव्याच्या तारखेला
वादी-प्रतिवादी एकाच रिक्षाने म्हापशाला जातात,
पण कचरा कायम दुसऱ्या गावचा.

तो साकवाजवळ पडतो, हद्दीच्या दगडापाशी.
रात्री स्कूटर मंदावते, दिवा विझतो,
पिशवी हवेत.
फणसाची चारखंडं, सुंगटांची सालं, डायपर,
एकदा तर माटोळीची कवंडळं
थर्माकोलच्या मखरासकट.
त्याच दगडावर वर्षातून एकदा
राखणदाराला रोट आणि सुरो ठेवतात.
उरलेलं वर्ष त्याला आम्ही हे वाढतो.

पहिली बैठक माडवळला.
उल्हास हळर्णकर म्हणाले, आमची घरं थोडी,
आम्ही समान वाटा का भरावा?
कुस्तोद म्हणाला, घरं थोडी,
आणि भाड्याच्या खोल्या मोजल्या काय, पात्रांव?
आवेलिना बोलली नाही.
पर्समधला लिफाफा तिने टेबलावर पालथा केला:
विजेची बिलं, लग्नाची आमंत्रणं, डॉक्टरच्या चिठ्ठ्या,
साकवाखालून वेचलेल्या,
धुऊन, वाळवून, इस्त्री केल्यासारख्या सपाट.
तिन्ही गावांतली नावं होती त्यांवर.
एकावर माझंही.
पंख्याने कागद उडू लागले
तसा ज्याने त्याने आपापल्या कागदावर हात ठेवला.

इतिवृत्तात मी लिहिलं:
चर्चेअंती एकमत झाले.

ठेकेदार एकट्या शिरसाळला घरामागे नव्वद सांगायचा.
तिघांना मिळून छप्पन्नावर आला.
चौतीस रुपये वाचले,
म्हणजे पोदेराकडचे सहा उंडे आणि सुटे चार.
त्या चार रुपयांवर
कुस्तोद आणि उल्हास आणखी अर्धा तास भांडले.

मसुद्यात सोळा कलमं होती, सगळी वरून आलेली.
वेळापत्रक, दंड, विमा, हातमोजे.
दगडाचं कुठेच काही नव्हतं.
वरून दगड दिसत नसावा.
सतरावं मी घातलं, माझ्या अक्षरात:
जो कचरा कोणाचाच नाही, तो तिघांचा.
फाईल परत आली. समासात लाल शाई:
'कोणाचाच नाही' म्हणजे? व्याख्या द्यावी.
तीन रात्री मी व्याख्या शोधली.
शेवटी लिहिलं, साकवाजवळचा.
मंजूर झालं.

आता गाडी आहे. हिरवी.
दारावर तिन्ही गावांची नावं,
शिरसाळचं अक्षर थोडं बारीक,
त्यावरून अजून कुरबुर चालते.
मागे रेणव्वा उभी असते. मूळची गदगची,
तिन्ही याद्यांत तिचं घर नाही.
खोली हद्दीला अगदी लागून.
तुझा कचरा कुठल्या गावात धरू, मी विचारलं.
म्हणाली, तो मी पहाटेच गाडीत टाकते, बाय,
तुमचं सुरू व्हायच्या आधी.

त्यालाही कलम हवं होतं.
निविदा उघडून झाली होती.

दुसरा हप्ता अजून यायचा आहे.
काल साकवाजवळ एकच पिशवी मिळाली,
घट्ट गाठ मारलेली.
काट्यावर तीनशे ग्रॅम.
नोंदवहीत तीन रकाने आहेत.
मी शंभर, शंभर, शंभर लिहिलं
आणि पिशवी कोणाची असेल
हे ओळखूनही
गाठ सोडली नाही.