वीस आणि दहा

पहाटे साडेतीनला कणीक फुगायला ठेवली
की नुगझार मोबाइल उभा करतो
मिठाच्या डब्याला टेकवून.
नातियाने घालून दिलंय ते अ‍ॅप.
"बाबा, रोज बारा मिनिटं, पाठीसाठी,"
एवढं बोलून तिनं तिबिलिसीची गाडी पकडली.

आतली बाई रशियन बोलते, गोड,
सुई टोचण्याआधी नर्स बोलते तशी.
"खाली वाका. मान सैल. श्वास सोडा.
आता थांबा. तीस सेकंद."

पहिल्या दिवशी मला हसू आवरेना.
एकेचाळीस वर्षं दुसरं काय केलंय या माणसानं?
भट्टीच्या तोंडातून कमरेपर्यंत आत,
तळाशी निखारे,
भिंतीला रोटी थापायची
श्वास रोखून, भुवया जाळून घेत,
की तिसऱ्या सेकंदाला बाहेर.
चौथ्याला आत राहिला असता तर भाजला असता.

म्हणून तर थांबणं जमेना त्याला.
लोकरी मोज्यांत, गार फरशीवर
वाकायचा, आणि तीनला उसळून वर.
पाठीला कोण समजावणार
की खाली नुसती फरशी आहे
आणि एक अक्रोडाचं टरफल?
बाई आपली मोजत राहायची,
चार, पाच, सहा,
कुणीच वाकलेलं नसताना.

फेब्रुवारीत एकदा मी तिचा आवाज बंद केला.
चित्र हलू दिलं, आकडे मी घेतले,
पोरांबरोबर लपंडावात घ्यायचे तसे, आपल्या बोलीत.
आमच्यात तीस म्हणत नाहीत.
वीस असतात, आणि वर दहा.

विसापर्यंत त्याचे गुडघे लटपटले.
वरचे दहा मी सावकाश दिले,
गिऱ्हाईक नात्यातलं असलं
की तराजूत चिमूटभर जास्त टाकते तसे.
तो खालीच.
मग उलट्या डोक्यानं म्हणाला,
"त्सिआला, टेबलामागे तुझी कात्री पडलीय.
ती, जिच्यासाठी तू माझ्या बहिणीशी भांडलीस."

शेवटी पडद्यावर तीन चेहरे येतात,
हसरा, बरा, रडका: आज कसं वाटतंय?
नुगझारनं बोट ठेवलं. काही होईना.
पुन्हा दाबलं, पँटीला पुसून दाबलं.
भाजून भाजून गुळगुळीत झालेली ती बोटं
काचेला माणसाची वाटतच नाहीत.

"कुठला दाबू?" मी विचारलं.
तो विचार करत राहिला, हात कमरेवर,
तोवर चेहरे विझले,
आणि रात्रपाळी सुटून आलेल्या ओतियानं
खिडकीवर नाणं वाजवलं.