तेआलोफीची वही

आमच्या संघाचा इतिहास एका वहीत आहे
आणि वही दोनदा भिजलेली आहे.

पहिल्यांदा जहाजात, फिजीहून परतताना,
बाबाच्या डोक्यावर छत ठिबकत होतं तेव्हा.
दुसऱ्यांदा घरात, फेब्रुवारीच्या उधाणात.
पाणी किनाऱ्यावरून चालत आलं नाही,
जमिनीतूनच वर आलं, खाटेखालून,
जसं काही इथंच राहत होतं
आणि आत्ता कुठं जागं झालं.

बाबानं पानं दोरीवर वाळत घातली
खेळाडूंच्या मोज्यांशेजारी.
मीठ झटकलं. शाई गेली ती गेली.
म्हणून पहिल्या सामन्यात आम्ही किती गोल खाल्ले
ते नेमकं कुणी सांगू शकत नाही.
आकडा दहा असेल, सोळाही असेल.
गोलरक्षक फेतुई म्हणतो, सोळा कसे असतील,
मी तेरापर्यंत मोजले,
मग मोजणं सोडून दिलं.

फुनाफुतीत मैदान म्हणजे विमानाची धावपट्टी.
बेट इतकं चिंचोळं
की रागानं लाथाडलेला चेंडू
एकतर आतल्या शांत पाण्यात पडतो
नाहीतर बाहेरच्या खवळलेल्यात.
भोंगा वाजला की सगळे बाजूला:
बचावफळी, डुकरं, व्हॉलीबॉलवाल्या बायका,
चटईवर निजलेला फेतुईचा सासरा.
विमान उतरतं. चार परदेशी आपापली बॅग शोधतात.
मग उत्तरार्ध.

डांबरावर शिकलेले आमचे पास
दुसऱ्यांच्या गवतात अर्ध्या वाटेत थांबत.
हे वहीत आहे, स्पष्ट अक्षरात:
"चेंडू इथं पळत नाही. जोर लावा."
त्याखाली, वेगळ्या शाईनं:
"पोरांनी बूट काढले. गवत पाहून
आधी सगळे खाली बसले.
पंच रागावला."

जगाच्या यादीत आम्ही नाही.
अर्जाला उत्तर येतं, फार सभ्य भाषेत:
प्रेक्षकांना बसायला जागा हवी,
पाहुण्यांना पुरेशा खोल्या हव्यात.
बाबा ते मोठ्यानं वाचून दाखवायचा
आणि म्हणायचा, खोल्या आहेत की,
प्रत्येक घरात एक आहे.

एकच पान दोन्ही वेळा कोरडं राहिलं.
का, ते ठाऊक नाही. मधलं होतं म्हणून असेल.
"अठ्ठ्याहत्तरावं मिनिट. ओसेमा.
डाव्या पायानं. वारा मागून."
बस, एवढंच.
सामना जिंकलो की हरलो, लिहायचं राहिलं.
मी विचारलं तेव्हा बाबा म्हणाला,
तुला वारा कुठून होता ते सांगितलं ना?

ओसेमा आता ऑकलंडला मासळीच्या शीतगृहात.
नाताळात बुटांची पेटी पाठवतो,
सगळे एकाच मापाचे, स्वस्तात मिळाले म्हणून.
अर्धा संघ तिकडेच आहे.
फोनवर ते मला डावपेच सांगतात,
मागून त्यांच्या बायका विचारतात
पुलाकाच्या खड्ड्यात अजून खारं पाणी आहे का.
आहे, मी म्हणते. आणि डावीकडून खेळायला
तुमच्यापैकी कुणीच इथं नाही.

बाबा गेल्यावर वही माझ्याकडे आली.
मी पेन्सिलीनं लिहिते.
पेन्सिल पाण्याला दाद देत नाही.
बायकांचे सामनेही टिपते, जे बाबा टिपत नसे,
आणि त्यावरून त्याच्याशी अजून भांडते.

आज उत्तर टोकाविरुद्ध दक्षिण टोक.
दोन-दोन. कडेला माणसं उभी,
मोटरसायकलींचे दिवे लावून.
मघाशी चेंडू बाहेरच्या समुद्रात गेला,
आपल्याकडे दुसरा नाही,
किलिफीनं सदरा काढला आणि उडी मारली.

पंच घड्याळ दाखवून विचारतो,
किती मिनिटं वाढवून धरायची?
मी काठावर जाऊन पाहते.
थांब, म्हणते,
पोरगं अजून पोहतंय.