ओलं बोट

माझ्या लॅपटॉपच्या पोटात एक फोन आहे.
तो कधी पडला नाही, भिजला नाही,
कुणाच्या उशाखाली झोपला नाही.
बॅटरी कायम शंभर टक्के,
आणि कुठं आहेस विचारलं
तर कॅलिफोर्निया म्हणतो.
खिडकीबाहेर किसुमू आहे,
सरोवरावर जलपर्णी चढलेली,
आणि वीज गेली ती गेलीच.

या फोनवर माझं ॲप बिनचूक चालतं.
मासळीचं वजन, भाव, कुणाकडे किती बाकी.
सगळ्या चाचण्या हिरव्या.
हिरव्या रंगावर माझा विश्वास होता
काल दुपारपर्यंत.

काल दुंगाच्या धक्क्यावर
अवुओर मावशींनी आपला फोन काढला,
रबरबँडनं आवळलेला, काचेवर कोळ्याचं जाळं.
तिलापियाचे खवले चिकटलेल्या बोटानं
'जमा' दाबलं.
काही नाही.
पुन्हा. काही नाही.
मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, जसं
काटा मारणाऱ्या व्यापाऱ्याकडे बघतात.
"तुझ्या ॲपला मासे आवडत नाहीत, अपोंदी,"
म्हणाल्या, आणि कोळशाच्या तुकड्यानं
फळीवर आकडा लिहिला.
फळी चालली. पहिल्या फटक्यात.

रात्री त्यांचा फोन केबलला लावून लॉग वाचत बसले.
घोडं नेमकं कुठं पेंड खातंय?
क्रॅश नाही, लाल ओळ नाही,
नुसते स्पर्श, बटणाच्या आजूबाजूला अकरा,
बटणावर एकही नाही.
अकरा!
मला वाटलं होतं, दोनदाच दाबलं त्यांनी.
मी पाठ फिरवल्यावरही
दाबत राहिल्या होत्या.

पोटातल्या फोनचं नेटवर्क मंद करता येतं,
बॅटरी उतरवता येते,
त्याला आडवा करून पॅरिसला नेता येतो.
ओल्या बोटाचं सेटिंग कुठल्याच मेनूत नाही.
पाण्यात राहून माशाशी वैर नको म्हणतात;
मी पाण्यात उतरलेच नव्हते.

पहाटे टेबलावर वाडगाभर पाणी ठेवलं.
बोट बुडव, दाब. बोट बुडव, दाब.
बटण मोठं केलं, आणखी मोठं,
ओगुटू ओरडला, हे बटण आहे की दार?
शेवटी काचेचा नादच सोडला:
आवाजाची बाजूची कळ,
दोनदा दाबली की जमा.
बिल्ड होताना लॅपटॉप दोनदा मेला.
तिसऱ्यांदा झालं.

आता धक्क्यावर निघाले आहे.
मावशी सवयीनं हात
लेशाला पुसायला लागतील.
मी म्हणेन,
पुसू नका.