सदर इसम

मी बोलत गेले,
हवालदार ठोंबरे लिहीत गेले.
माझ्या तोंडातून निघालेलं वाक्य
कागदावर पोचेपर्यंत गणवेश चढवायचं.

"मी वरील पत्त्यावर राहावयास असून
शिवणकाम करून उपजीविका करते."
इथवर बरोबर.
पुढे मी सांगितलं, टाकीमागचा बोळ,
दिवा मे महिन्यापासून गेलेला,
त्याने पिशवी ओढली, मी सोडली नाही,
तेव्हा माझीच कात्री काढून माझ्या मनगटाला लावली.
"सदर इसमाने धारदार हत्याराचा धाक दाखवून."
अहो, कात्री लिहा. दहा इंची, काळी मूठ.
त्याने धरली डाव्या हातात,
उजव्याची कात्री डाव्यात कशी अवघडते
ते शिवणाऱ्या बाईला अंधारातही कळतं.
आणि तो म्हणाला, "मावशी, सोड ना."
विनवल्यासारखा.
ठोंबऱ्यांनी पेन उचललं, माझ्याकडे पाहिलं
आणि टेकवलं ते पुढच्या ओळीवर.

पिशवीत भिशीचे बावीस हजार.
"पैसे घेऊन निघालात हे कोणाकोणाला माहीत?"
अकरा जणींना.
अकरा नावं मात्र त्यांनी काना-मात्रेसकट लिहिली.
भांडुपच्या आमच्या चाळीतून त्यानंतर महिनाभर
एक ब्लाउज माझ्याकडे आला नाही.

ओळख परेड पावणेतीन महिन्यांनी.
जाताना जीपमध्ये कोणीतरी पुटपुटलं,
"डावीकडून तिसरा, ताई. मिटवून टाका एकदा."
तुरुंगाच्या आवारात सात जण, सारख्या उंचीचे.
मी दंडाधिकारीबाईंना म्हटलं,
सगळ्यांना दोन शब्द बोलायला लावा.
तिसरा बोलला. कोवळा आवाज, घसा सुकलेला,
"मावशी" म्हणताना त्याला खरंच मावशी आठवली असावी.
यात तो नाही, म्हटलं.
परतीच्या जीपमध्ये कोणी पाणी विचारलं नाही.

तपास चालू आहे, असं पत्र येतं. जपून ठेवते.
बावीस हजारांतले साडेनऊ फिटले.
दिव्यासाठी वॉर्ड ऑफिसात तीन अर्ज गेले, 
चौथ्याला फिर्यादीची प्रत जोडली,
आणि खांबावर माणूस चढला.
आता संध्याकाळी मशीन बोळाच्या तोंडाशीच असते.
येणारी-जाणारी म्हणते, काय हो रेवंडकर वहिनी, इथे कुठे?
उजेड बरा आहे, म्हणते.

परवा शीतलतळ्याकडे एका पोरीचा मोबाइल गेला.
तिच्याबरोबर चौकीत मी गेले.
ठोंबरे लिहीत होते, "सदर अनोळखी इसमाने..."
मी मध्येच विचारलं,
पोरी, कोणत्या हाताने गं?
ती थबकली.
डोळे मिटून परत त्या जागी उभी राहिली,
आणि हळूहळू तिचा डावा हात
टेबलाच्या वर आला.

"लिहा," मी म्हटलं.