अपूर्ण भूतकाळ

सालामांकात, दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात
एर्मिनियाबाई फळ्यावर दोन भूतकाळ लिहितात.
एक संपलेला, एक न संपलेला.
उदाहरणाला वळू.

"वळू उभा होता. धापा टाकत होता. बघत होता."
खडू थांबतो.
"वळू पडला."
मधलं सगळं शब्दसंग्रहात, पान त्र्याऐंशी.

तिथे तलवारीला शब्द आहे, भाल्याला आहे,
रंगीत कागद गुंडाळलेल्या काट्यांना आहे,
मेलेल्याला ओढून नेणाऱ्या खेचरांनासुद्धा.
फिनलंडची आइला वही मिटते:
हे मी पाठ करणार नाही.
भविष्यकाळ अचूक. बाई म्हणतात, शाब्बास.

वर्गात सगळी विशीतली.
मी अठ्ठावन्नची, शिंगं मोडून वासरांत शिरलेली.
हे त्यांना मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं
तर कोरियाच्या ग्युबिनने विचारलं,
शिंगं मोडली कुणी?
आपली आपणच, म्हटलं.
तो हसला नाही.

शनिवारी बसने गावाबाहेर, ओकच्या माळावर.
मनात सारखा बैल येत होता, पण बैल म्हटलं की जू आलं.
ह्याच्या मानेवर काही नव्हतं,
ती तो झाडाला घासत होता,
सावकाश, साल निघेपर्यंत.

राखणदार सेवेरियानो सांगत होता,
ह्याचं नाव आईवरून. तिचा शेवटचा स्वर बदलला
की हा झाला.
आणि बाप?
बाप वहीत असतो.
चार वर्षं ह्याला कुणी हात लावत नाही, म्हणाला,
मग वीस मिनिटं.
तुमच्या ताटातल्याला ना झाड मिळालं ना नाव.
आइला म्हणाली, नाव ठेवून मारणं जास्त वाईट.
तिचं क्रियापद चुकलं होतं.
त्याने टोपी काढली, परत घातली.
मला दोघांचंही पटलं, म्हणजे
परकी भाषा जितपत कळते तितपत.

रात्री घरमालकीण आम्पारो मसुराचं सूप वाढताना म्हणाली,
मी तिथे तीस उन्हाळे उश्या भाड्याने दिल्या.
बाकं दगडाची ना.
पाहिलंस कधी?
पाठ असायची माझी. चिल्लर मोजायची.
सगळे एकदम गप्प झाले की कळायचं, आता.
मग उश्या परत यायच्या.
काही गरम असायच्या.
एवढं बोलून तिने पावाचा कडक टोक माझ्याकडे सरकवला,
तो तिला चावत नाही.

गृहपाठ होता पाच वाक्यांचा.
ऊन उतरत होतं.
माश्या कानावर बसत होत्या.
वळू मान घासत होता.
झाड हलत होतं.
कुणीच काही बोलत नव्हतं.

बाईंनी एकही चूक काढली नाही.
समासात तांबड्या शाईने एवढंच:
आणि मग?

मी वही दप्तरात टाकली.
पाचच मागितली होती.